जमिनीखालचा नकाशा

एकाच गावात दोन विहिरी खणतात. एकीला वीस हातांवर पाणी लागते. दुसरी चाळीस हात खाली जाते. सुरुंग उडतात, मजुरी चढते, सावकाराचे किंवा सोसायटीचे कर्ज होते, आणि शेवटी तळाशी कोरडा फत्तर! लोक म्हणतात, "ज्याचे त्याचे नशीब." कोणी म्हणतो, "पाणाड्या चुकला." खरे कारण बहुधा तिसरेच असते. दोन्ही विहिरींखालचा दगड सारखा नसतो.

मग जमिनीखाली कोणता दगड आहे हे आधी कळेल काय? जमिनीच्या आत तर कोणाला दिसत नाही. तरीही ते पुष्कळसे कळते. हे काम करणाऱ्या माणसाला भूगर्भशास्त्रज्ञ म्हणतात. तो दगडांचा नकाशा काढतो. तो नकाशा कसा काढतात, हे आपण या पाठात पाहू. यासाठी दूर जायला नको. आपले नागपूरच त्यासाठी उत्तम शाळा आहे.

दगडांचा चौक

चार रस्ते मिळतात त्याला आपण चौक म्हणतो. नागपूरच्या आसपास चार प्रकारचे दगड मिळतात.

पहिला, काळा दगड. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, अंबाझरीकडचा भाग हा सारा काळ्या दगडाचा. याला शास्त्रात बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त रस बाहेर आला, पसरला आणि थिजला. असे पुन:पुन्हा झाले. एकावर एक थर बसले. नागपुरापासून पश्चिमेला थेट सह्याद्रीपर्यंत हाच दगड आहे. सह्याद्रीकडे थर फार जाड आहेत. नागपूरकडे ते पातळ होत जातात, आणि शहरातच त्यांची पूर्वेकडची कड येते.

दुसरा, पट्ट्यापट्ट्यांचा कणीदार दगड. शहराच्या पूर्व भागात विहीर खणली की हा लागतो. फोडला तर आत पांढरे, करडे, काळे कण चमकतात. याला नाइस म्हणतात. हा फार जुना, शंभर कोटी वर्षांहूनही जुना.

तिसरा, वाळूचा दगड. कामठी, सिलेवाडा या बाजूला हा मिळतो. नद्यांनी वाहून आणलेली वाळू साचून, दबून हा झाला. याचे वय सुमारे २५ कोटी वर्षे. कामठी गावावरून या थरांना 'कामठी थर' असेच नाव पडले आहे. पुस्तकांतून हे नाव जगभर गेले.

चौथा, रामटेक, मनसर, कांद्री या भागातला. येथे अभ्रकाचे चमचमते दगड आहेत, कठीण गारेचे दगड आहेत, देवलापारकडे संगमरवर आहे, आणि त्यांच्यात मँगनीज आहे. हेही दगड अतिशय जुने.

तुम्ही म्हणाल, "पण गुरुजी, वर तर सगळीकडे मातीच दिसते!" खरे आहे. पण मातीही खालच्या दगडाची खूण सांगते. काळ्या दगडाची झीज होऊन काळी चिकण माती होते. म्हणून आपल्या म्हाताऱ्या माणसांनी काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी जमिनीची नावे ठेवली. तेही एक प्रकारचे भूगर्भशास्त्रच. मात्र माती पाण्याबरोबर वाहून दुसरीकडे जाऊन बसते. म्हणून नुसत्या मातीवर भरवसा ठेवून चालत नाही. दगडच गाठावा लागतो.

सामान थोडे, चालणे फार

नकाशा काढायला निघताना भूगर्भशास्त्रज्ञ काय नेतो? एक हातोडा, एक भिंग, एक होकायंत्र, थरांचा उतार मोजायचे साधन, आम्लाची छोटी बाटली, वही आणि पेन्सिल. आता त्याच्याजवळ उपग्रहावरून जागा सांगणारे यंत्रही असते. पण खरे साधन म्हणजे त्याचे पाय.

त्याच्या हाती सर्व्हे ऑफ इंडियाचा छापील नकाशा असतो. त्यावर गावे, रस्ते, नद्या, टेकड्या आधीच काढलेल्या असतात. असे नकाशे तुकड्या-तुकड्यांनी छापतात आणि प्रत्येक तुकड्याला नंबर असतो. जुन्या पद्धतीत नागपूर शहराचा तुकडा '५५ ओ/४' या नंबराचा. पूर्वी या नकाशांवर एक इंच म्हणजे एक मैल असे माप होते. पुढे दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर असे माप आले. अशा एका कागदात सुमारे ७०० चौरस किलोमीटर मुलूख मावतो. तेवढा मुलूख त्याला पायाखाली घालायचा असतो.

दिवाळी झाली, नाले ओसरले, गवत वाळू लागले की हे काम सुरू होते. पावसाळ्यात दगड गवताखाली आणि पाण्याखाली झाकला जातो. जुन्या काळी हे लोक बैलगाडीवर तंबू लादून गावोगाव मुक्काम करीत.

तो कोठे कोठे जातो? जेथे दगड उघडा पडला आहे तेथे. नाल्याच्या काठावर. टेकडीच्या कड्यावर. रेल्वेसाठी किंवा सडकेसाठी जमीन कापली आहे तेथे. खाणीत. आणि नव्या विहिरीवर. विहीर त्याला फार आवडते, कारण विहिरीच्या कड्यात थर उभे कापलेले दिसतात. गावच्या माणसाला तो विचारतो, "किती खोल आहे? मुरूम कुठवर होता? दगड कोणता लागला?" गावकऱ्याने नीट उत्तर दिले तर त्याचा एक दिवस वाचतो.

दगड दिसला की तो हातोड्याने ताजा तुकडा फोडतो. बाहेरून दगड उन्हापावसाने काळवंडलेला असतो. आतून त्याचा खरा रंग दिसतो. भिंगाने कण पाहतो. चुनखडीचा संशय असेल तर आम्लाचा थेंब टाकतो. दगड फसफसला की चुना आहे असे समजायचे. तुकड्यावर नंबर घालतो, तोच नंबर नकाशावर लिहितो, तोच वहीत लिहितो. पुढे प्रयोगशाळेत त्याच तुकड्याची चकती घासून इतकी पातळ करतात की तिच्यातून उजेड आरपार जावा. तिची जाडी उरते एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागांपैकी फक्त तीन भाग. मग सूक्ष्मदर्शकाखाली दगडातला एकेक कण ओळखता येतो.

भाकरीची चळत

आता डोके चालवायचे काम येते. दोन-तीन नियम साधे आहेत.

पाटीत भाकऱ्यांची चळत असते. सर्वांत खालची भाकरी आधी भाजलेली, वरची शेवटी. दगडांच्या थरांचेही तसेच. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा.

या नियमाचा उपयोग पाहा. नागपूरजवळ टाकळी येथे काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये एक पातळ थर सापडला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख होते. ते शंख दगड झालेले होते. तप्त रसात गोगलगाय जगणार नाही. मग याचा अर्थ काय? रस एकदा येऊन थंड झाला. मग बराच काळ गेला. त्या काळ्या जमिनीवर पाणी साचले, तळे झाले, त्यात गोगलगाई झाल्या. नंतर पुन्हा रस आला आणि तळे झाकून गेला. पाहायला कोणी माणूस नव्हता. माणूसच तेव्हा जन्मला नव्हता. तरी दगडाने साक्ष दिली.

दुसरा नियम तिरप्या थरांचा. थर नेहमी आडवे नसतात. कोठे कौलारू छपरासारखे कललेले असतात. ते कोणत्या दिशेला आणि किती कलले, हे मोजतात. समजा, एक थर जमिनीवर उघडा दिसतो आणि उत्तरेकडे कलला आहे. दर दहा मीटर पुढे गेले की तो एक मीटर खाली जातो. तर उघड्या जागेपासून ५०० मीटर उत्तरेला तो किती खोल असेल? हिशेब सोपा आहे. ५०० भागिले १०, म्हणजे ५० मीटर. जमीन सपाट असेल आणि थर मध्येच तुटला नसेल, तर खणण्याआधीच खोली कळली!

तिसरी गोष्ट हिशेबाची नाही, शहाणपणाची आहे. नागपूरकडचा दगडी कोळसा कामठी थरांच्या खालच्या थरांत आहे. तो वर दिसत नाही. पण नाइस दगड कोळशाहून फार जुना. म्हणून जेथे जमिनीवरच नाइस उघडा पडला आहे, तेथे त्याच्याखाली कोळसा शोधणे म्हणजे चळतीतली सर्वांत खालची भाकरी उचलून तिच्याखाली आणखी भाकरी शोधणे. नकाशा पाहणारा माणूस तेथे एक पैसाही घालणार नाही.

सरळ रेघ आणि तुटक रेघ

सगळीकडे दगड उघडा नसतो. समजा, एका नाल्यात काळा दगड दिसला. दोन किलोमीटरवर एका विहिरीत नाइस दिसला. मधे शेतेच शेते. मग दोन दगडांची हद्द कोठे काढायची?

येथे या विद्येतली सगळ्यांत मोलाची रीत कामी येते. जेथे हद्द डोळ्यांनी पाहिली, तेथे नकाशावर अखंड रेघ ओढतात. जेथे फक्त अंदाज आहे, तेथे तुटक रेघ ओढतात. म्हणजे नकाशा स्वत:च सांगतो : येथे मी पाहिले आहे, आणि येथे मी अजमास केला आहे. पुढे कोणी तेथे विहीर खणली, सडक कापली, की तुटक रेघ पुसून अखंड रेघ येते. कधी रेघ थोडी सरकते. त्यात नकाशा काढणाऱ्याला कमीपणा वाटत नाही. व्यवहारातही सांगोवांगीची गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट आपण अशी वेगवेगळी ठेवली, तर गावातली निम्मी भांडणे मिटतील.

मग नकाशात रंग भरतात. एका दगडाला एक रंग. बाजूला रंगांची यादी असते. सर्वांत तरुण दगड यादीत वर आणि सर्वांत जुना खाली, म्हणजे पुन्हा चळतच.

अंदाज खरा की खोटा, हे शेवटी छिद्र पाडून पाहतात. लोखंडी नळी फिरवत फिरवत खाली नेतात आणि दगडाचा लांब दांडा वर काढतात. तो पेटीत ओळीने मांडतात. कामठी, सिलेवाडा, सावनेर या भागातला झाकलेला कोळसा अशी छिद्रे पाडूनच आखला गेला. छिद्राला खर्च फार येतो. म्हणून आधी नकाशा काढतात आणि मग मोजक्या जागी छिद्र पाडतात. जमिनीत विजेचा प्रवाह सोडूनही परीक्षा करतात. ओल्या, भेगाळलेल्या दगडातून वीज सहज जाते. कोरड्या, घट्ट दगडातून ती सहज जात नाही. त्यावरून आत काय असावे याचा अजमास येतो.

हे काम कोणी केले?

स्टीफन हिस्लॉप नावाचे एक स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपूरला आले. ते शाळा चालवीत. सवड मिळाली की रॉबर्ट हंटर या सोबत्यासह दगड पाहत हिंडत. टाकळीचे शंख त्यांनी अभ्यासले. सिलेवाड्याच्या वाळूच्या दगडात त्यांना जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळाले. तशीच पाने आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियातही दगडात सापडतात. त्यावरून पुढे शास्त्रज्ञांनी जाणले की एके काळी हे सारे मुलूख एकमेकांना जोडलेले होते. त्या जुन्या खंडाला नाव मिळाले गोंडवन. ते आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडले.

हिस्लॉप व हंटर यांचा नागपूरच्या दगडांवरचा लेख १८५५ साली लंडनला छापून आला. १८६३ साली टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडून वारले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे आहे.

सरकारी खाते निघाले १८५१ साली, कलकत्त्याला. त्याचे नाव भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण. पहिले प्रमुख टॉमस ओल्डहॅम. सरकारला तेव्हा मुख्यत: कोळसा हवा होता. या खात्याचे मध्य विभागाचे कार्यालय आज नागपुरातच आहे. याच खात्यातल्या एल. एल. फर्मोर यांनी मँगनीजच्या टेकड्या पालथ्या घातल्या आणि १९०९ साली त्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मँगनीज ज्यात असते अशा एका दगडाला त्यांनी गोंडांवरून 'गोंडाइट' असे नाव दिले. मनसरच्या खाणी आजही चालू आहेत.

ही मोठी नावे झाली. पण त्यांच्यापुढे वाट दाखवणारा, सामान वाहणारा, "साहेब, त्या नाल्यात वेगळा दगड हाय" असे सांगणारा गावचा माणूसही होताच. त्याचे नाव कोणी लिहिले नाही. त्याला स्वत:ला लिहिता येत नव्हते. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू. पुढे तिचा उपयोग आहे.

आपली विहीर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाणी कोठे लागते?

काळा दगड घट्ट असतो. घट्ट दगडात पाणी राहत नाही. पण वरचा मुरूम, दगडातल्या भेगा, आणि एक थर संपून दुसरा सुरू होतो तेथला भोकाभोकांचा ठिसूळ भाग, यांत पाणी राहते. तो भाग गाठला तर विहीर लागते. तो चुकला तर नुसते खोल जाऊन उपयोग नाही. नाइसमध्येही पाणी वरच्या कुजलेल्या भागात आणि भेगांत असते. खाली अभंग दगड लागला की आशा कमी. वाळूच्या दगडात कणाकणांमधल्या फटींतही पाणी मुरते. म्हणून 'जितके खोल तितके पाणी' हा समज खरा नाही. तो फार महागात पडतो.

हातावर नारळ ठेवून किंवा कडुनिंबाची काडी धरून पाणी सांगणारे पाणाडे गावोगाव आहेत. त्यांचे सांगणे कधी खरे ठरते. पुष्कळ ठिकाणी थोड्याफार खोलीवर ओल असतेच. पण ज्या विहिरी कोरड्या गेल्या, त्यांचा हिशेब पाणाड्या ठेवीत नाही. भूगर्भशास्त्रज्ञ तो ठेवतो. चुकतो तोही, पण चूक लिहून ठेवतो आणि तीवरून नकाशा सुधारतो. फरक एवढाच, पण फार मोठा.

आपल्या राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा नावाचे सरकारी खाते १९७२ सालापासून आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी त्याची कार्यालये आहेत. हे लोक गावोगावच्या ठराविक विहिरींचे पाणी वेळोवेळी मोजतात. विहीर खणण्याआधी तेथे जाऊन विचारावे. अर्ज तुम्ही आता स्वत:च्या हाताने लिहू शकता. कर्ज काढण्याआधी चार ओळींचा अर्ज लिहिणे शहाणपणाचे.

आणखी एक काम आहे. ते कोणताही साहेब तुमच्यासाठी करू शकत नाही. विहीर खणताना रोज वहीत लिहा. उदाहरणार्थ असे :

जमिनीपासून ४ फुटांपर्यंत – काळी माती.
४ ते १३ फूट – पिवळा मुरूम.
१३ ते २२ फूट – भोकाभोकांचा नरम दगड, ओल दिसली.
२२ ते ३० फूट – काळा घट्ट दगड, सुरुंग लावला.
पाणी पहिल्यांदा किती फुटांवर लागले, कोणत्या महिन्यात, उन्हाळ्यात किती उरले.

प्रत्येक थराचा एकेक खडा पुरचुंडीत बांधून, वर चिठ्ठी लावून ठेवा. विहीर कोरडी गेली तरीही लिहा. कोरड्या विहिरीची नोंद अधिकच मोलाची, कारण ती शेजाऱ्याचे कर्ज वाचवते. गावात अशा वीस विहिरींच्या नोंदी झाल्या, की तुमच्या गावाच्या पोटातला नकाशा निम्मा तयार झाला समजा. तुटक रेघा अखंड होऊ लागतील. आणि हे नकाशाचे काम कोणा एकाचे न राहता साऱ्या गावाचे होईल.

जुन्या वाटाड्याला दगड ओळखता येत होता, पण लिहिता येत नव्हते. म्हणून त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर गेले. तुम्हाला दोन्ही येते.

विचार करा आणि सांगा

१. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये शंख सापडले. त्यावरून काय कळले?
२. एक थर दर दहा मीटरला एक मीटर खाली जातो. ३०० मीटर पुढे तो किती खोल असेल?
३. नकाशावर तुटक रेघ का ओढतात?
४. जमिनीवर नाइस दगड उघडा असेल तर तेथे कोळसा का शोधू नये?
५. तुमच्या घराजवळच्या एका विहिरीवर जा. कड्यात किती थर दिसतात ते मोजा आणि वरपासून खालपर्यंत ओळीने लिहा.